चार नंबरची दुसरी खाट

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. चिंधी निरगुडा सकाळी साडेनऊला भिवपुरीजवळच्या शुश्रूषा केंद्राच्या ऑफिसात आली आणि सोनाली मॅडमच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसली. या केंद्रात तिनं सतरा वर्षं मावशी म्हणून काम केलं होतं. म्हाताऱ्यांना अंघोळ घालणं, भरवणं, त्यांची घाण काढणं, मेल्यावर अंग पुसून देणं, सगळं. त्या सतरा वर्षांत ती या खुर्चीत कधी बसली नव्हती. मॅडमशी बोलायचं तर दाराशी उभं राहून बोलायचं, अशीच रीत होती.

"काय गं चिंधी? तब्येत कशी आहे?" सोनाली मॅडमनी विचारलं. केंद्र त्यांचंच होतं. दोन वर्षांपूर्वी खोकल्यानं चिंधीचं काम सुटलं, तेव्हा त्यांनी तिला साडी दिली होती.

"मॅडम, मला खाट पायजे."

"कुणासाठी?"

"माज्यासाठी."

मॅडम हसल्या, मग थांबल्या. चिंधीनं पिशवीतून बँकेचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. वाडीखालची तिची वरकस जमीन नव्या रस्त्यात गेली होती. मोबदल्यातला अर्धा तिनं भाच्याला, रोहिदासला दिला. त्यानं त्यात स्लॅबचं घर बांधलं. उरलेला अर्धा या पुस्तकात होता. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आणि कर्जतच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की फुप्फुसं गेलीत, दोन वर्षं काढलीस तर पुष्कळ.

"अगं, पैसे कशाला?" मॅडम म्हणाल्या. "अशीच राहा की. जमेल तेवढं काम कर, दोन वेळचं जेव. आम्ही काय तुला परकी समजतो का?"

"नाय मॅडम. काम नाय. बाकीचे पैसे भरून ऱ्हातात तशी ऱ्हाईन मी."

चालत्याफिरत्या माणसाचे महिन्याला वीस हजार आणि अंथरुणाला खिळलेल्याचे बत्तीस, हे चिंधीला सांगावं लागलं नाही. हिशेब तिनं आधीच केला होता. फॉर्मवर नातेवाइकाची सही लागते, हेही तिला ठाऊक होतं. रोहिदास बाहेर टेंपोजवळ उभा होता, पण आत यायला तयार नव्हता.

"आत्ये, वाडीत मी काय तोंड दावू?" तो म्हणाला. "लोकं म्हणतील, जमिनीचा पैसा घेतला न् म्हातारीला टाकली. आपल्यात कुनी जातं का असल्या ठिकानी?"

"तू सही कर. लोकांना मी सांगंन."

"काय सांगशील?"

चिंधीला सांगायचं होतं ते रोहिदासला माहीत होतं, फक्त त्यानं ते तिच्या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. चिंधीची आई, म्हणजे रोहिदासची आजी, घरातच खिळून पडली होती. चिंधी तेव्हा रोज सकाळी सातला कामावर यायची आणि संध्याकाळी सहाला परत जायची. दिवसभर इथं परक्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायची. घरी आई एकाच कुशीवर पडून असायची, कारण बाकीचे सगळे मजुरीला गेलेले असायचे. आईच्या पाठीला मूठ मावेल एवढी जखम झाली. वास घरभर होता. आईनं शेवटचे चौदा दिवस फक्त एकच शब्द उच्चारला, "वळीव," म्हणजे मला कुशीवर वळव. आपण असं घरी पडून राहायचं नाही, हे चिंधीनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं.

रोहिदासनं सही केली आणि टेंपो घेऊन निघून गेला.

*

चिंधीला चार नंबरच्या खोलीतली दुसरी खाट मिळाली. पहिल्या खाटेवर विमलबाई होत्या. विमलबाई डोंबिवलीच्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. अर्धांगाच्या झटक्यानं डावी बाजू गेली, तेव्हा त्यांनी स्वतःचा फ्लॅट विकला आणि इथं आल्या. जवळचं कुणी नव्हतं. एक दीर होता, तो फॉर्मवर सही करण्यापुरता. "मी कुणाच्या जिवावर नाही. माझं मी भरते," हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यांची घाण चिंधीनं तीन वर्षं काढली होती.

पहिल्याच दुपारी विमलबाई म्हणाल्या, "चिंधी, पाणी दे गं."

चिंधी उठली नाही. "बेल दाबा, विमलबाई. मीबी आता पेशंट हाय."

विमलबाईंना वाटलं ती थट्टा करतेय. ती थट्टा नाही हे कळल्यावर त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. "ही इथे कशी? माझ्या शेजारी कामवाली ठेवणार का तुम्ही? मी पूर्ण पैसे भरते."

"आजी, त्याही भरतात," मॅडम म्हणाल्या. खाली दुसरी खाट रिकामी नसल्यानं विषय तिथंच संपला.

मात्र एक गोष्ट चिंधीच्या लगेच ध्यानात आली. इथं प्रत्येक पेशंटला 'आजी' किंवा 'आजोबा' म्हणत आणि 'तुम्ही' म्हणत. स्वयंपाकघरातल्या बाया, वॉचमन, नर्स, सगळे. तिला मात्र सगळे 'मावशी'च म्हणत होते. मॅडम तिच्याबद्दल दुसऱ्यांशी बोलताना 'त्या' म्हणायच्या आणि तिच्याशी बोलताना 'तू'. नवीन आलेली नर्स प्रिया तेवढी पहिल्या दिवशी "आजी, गोळ्या घेतल्यात का?" म्हणाली. दोन दिवसांनी तीही मावशी म्हणायला लागली.

खालच्या मजल्यावर अकरा पेशंट होते आणि दिवसपाळीला एकटी सुरेखा. सुरेखा चिंधीच्याच वाडीतली. तिला हे काम चिंधीनंच लावून दिलं होतं, शिकवलंही चिंधीनंच. खिळलेल्या माणसाला कसं वळवायचं, मेणकापड कसं सरकवायचं, चार्ट कसा भरायचा. चार्टवर दर दोन तासांचा एक चौकोन असायचा. पेशंटला कुशीवर वळवलं की टिक करायची.

सुरेखा दुपारी चार वाजता यायची, विमलबाईंच्या चार्टवर दहाची, बाराची, दोनची आणि चारची टिक एकदम करायची आणि जायची. चिंधी खाटेवरून ते बघायची आणि काही बोलायची नाही. काय बोलणार? आजारी माणसं जास्त आणि हात दोनच, अशा दिवशी तिनंही तसंच केलं होतं. सुरेखाला तेही तिच्याकडूनच मिळालं होतं.

पंधरा दिवसांनी मॅडम खोलीत आल्या. "चिंधी, दिवसभर बसूनच असतेस. विमलआजींचं तेवढं बघशील का? महिन्याचे तीन हजार कमी घेईन तुझ्याकडून."

"नाय मॅडम."

"अगं, तुला काय नवीन आहे का ते?"

"नवीन नाय. म्हनूनच."

मॅडम रागावल्या नाहीत. पण त्यानंतर चिंधीची बेल सगळ्यांत शेवटी ऐकली जायला लागली. मुद्दाम कुणी करत नव्हतं. सुरेखाचा जीव आधीच मेटाकुटीला आलेला असे, ती दारातनंच म्हणायची, "मावशे, तुला जमतंय गं. ऊठ ना जरा." आणि चिंधीला जमत होतं. खोकत खोकत ती उठायची, गरम पाणी स्वयंपाकघरातून स्वतः आणायची, चादर स्वतः झटकायची. बाथरूमला जाताना धाप लागली की भिंतीला टेकून उभी राहायची. एकदा तिथून जाणाऱ्या एका पेशंटच्या मुलीनं तिला ओला टॉवेल दिला आणि वाळत टाकायला सांगितला. चिंधीनं तो घेतला, वाळत टाकला आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

*

डिसेंबरच्या शेवटी तिला तो वास आला.

आधी वाटलं बाथरूमचा असेल. मग तिनं डोळे मिटून नीट श्वास घेतला. वास विमलबाईंच्या खाटेकडून येत होता. चिंधी उठली, विमलबाईंचा गाऊन बाजूला करून कमरेखाली पाहिलं. रुपयाएवढं काळं पडलं होतं, कडेनं चामडी ओली होती.

"काय बघतेस?" विमलबाई म्हणाल्या.

"दुखतंय का इथं?"

"त्या बाजूला मला काही कळतच नाही."

चिंधीनं सुरेखाला सांगितलं, सुरेखानं प्रियाला, प्रियानं मॅडमना. ड्रेसिंग सुरू झालं, औषधाच्या बिलात पट्ट्यांचे पैसे वाढले. वळवणं मात्र होतं तसंच राहिलं, कारण सुरेखा एकटीच होती. दोन दिवस चिंधी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी दहा वाजता ती उठली, विमलबाईंच्या खांद्याखाली एक हात आणि कमरेखाली एक हात घातला आणि त्यांना वळवलं. पाठीशी उशी लावली आणि धापा टाकत स्वतःच्या खाटेवर बसली.

"तू तर म्हणाली होतीस, पेशंट आहे," विमलबाई म्हणाल्या.

"वास सोसवत नाय मला."

मग ती दर दोन तासांनी उठायला लागली. विमलबाईंना आधी अवघडल्यासारखं व्हायचं. त्या म्हणायच्या, "मी पैसे भरते, तूही भरतेस. मग हे काम नक्की कुणाचं?" हळूहळू त्या बोलायला लागल्या. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रात्रपाळ्या, हेडफोननं दुखणारे कान, नवऱ्याचं आजारपण. चिंधी जास्त करून ऐकायची. एकदा विमलबाईंनी विचारलं, "घरी गेली असतीस तर भाच्यानं बघितलं नसतं का तुला?"

"बघितलं असतं की. सकाळी सातच्या आधी न् संध्याकाळी सहाच्या नंतर."



जखम सुकायला लागली. मॅडमनी ती पाहिली, का सुकतेय तेही ओळखलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी सुरेखाला दुपारी तीन तास वरच्या मजल्याचं काम लावलं.

*

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. दुपारचं जेवण झालं. सुरेखा वरच्या मजल्यावर कुणाला तरी अंघोळ घालत होती. विमलबाई ओल्या झाल्या. त्यांनी बेल दाबली, पुन्हा दाबली. वीस मिनिटं झाली. त्या रडवेल्या झाल्या. "चिंधी, जखमेला लागेल गं ते."

चिंधी उठली. तिनं विमलबाईंना वळवून धरलं आणि ओली चादर ओढली. चादरीबरोबर मेणकापड निसटून खाली पडलं, त्यावर तिचा पाय गेला. ती खुब्यावर पडली. हाड मोडल्याचा आवाज विमलबाईंनी ऐकला.

विमलबाईंचा उजवा हात चालत होता. त्यांनी बेल दाबली ती सोडलीच नाही, आणि ओरडत राहिल्या. प्रिया आली तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. चिंधी फरशीवर होती, शुद्धीत होती, ओरडत नव्हती. "आदी त्यांना कोरडं कर," एवढंच ती म्हणाली.

कर्जतला एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करायला हवं होतं, पण या फुप्फुसांना भूल झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले. तशीच खाटेवर ठेवा, दुसरा उपाय नाही.

दुसऱ्या दिवशी रोहिदास आला. मॅडम चार नंबरमध्येच उभ्या होत्या आणि आता बत्तीस हजार पडतील असं सांगत होत्या.

"का म्हनून?" रोहिदासचा आवाज चढला. "तुमचं काम करताना पडली ना ती? पैसे बी घेता न् राबवून बी घेता?"

"तिला कुणी सांगितलं होतं काम करायला? ती पेशंट आहे. पेशंटनं पेशंटला हात लावायचा नाही, असा इथं नियम आहे. ती पाण्याला उठली असेल आणि पडली असेल."

"विमलबाईंना इचारा. त्या व्हत्या हितं."

सगळ्यांनी विमलबाईंकडे पाहिलं. सुरेखा दारात उभी होती, तिनंही पाहिलं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "सांगा ना, आजी. काय झालं होतं?"

विमलबाईंचा फ्लॅट गेलेला होता. दिराचा फोन दिवाळीपासून आलेला नव्हता. या खाटेशिवाय त्यांना जगात दुसरी जागा नव्हती, आणि खाट मॅडमची होती.

"मला झोप लागली होती," त्या म्हणाल्या. "मी काही पाहिलं नाही."

रोहिदासनं त्यांच्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. "चल आत्ये. घरी चल. ललिता हाय, मी हाय. आमी बगतो."

चिंधीनं मान हलवली. "पैसे हायेत तवर ऱ्हाते."

"अजून कशाला ऱ्हायचं हितं?"

"तू बी सातला जातोस न् ललिताबी. मला ठावं हाय." मग ती सुरेखाकडे वळली. "बाई, मला वळीव जरा."

सुरेखानं तिला वळवलं. मोडका पाय हलला तशी चिंधी किंचाळली. तिचा तसा आवाज कुणी आधी ऐकला नव्हता. रोहिदास बाहेर जाऊन टेंपोत बसला आणि बराच वेळ त्यानं टेंपो चालूच केला नाही.

*

त्यानंतर चार नंबरमध्ये दोघी नुसत्या पडून असत. विमलबाई रोज काहीतरी बोलायला बघत. "चिंधी, मी काय करणार होते गं? मला हाकललं असतं तर?" चिंधी उत्तर देत नसे. ती रागावली होती असं नाही. सुरेखाला तिनं एकदा सांगितलं, "त्यांच्या जागी मी असते तर मी बी तेच बोलले असते." पण ही गोष्ट तिनं विमलबाईंना सांगितली नाही.

चिंधीच्या खाटेलाही चार्ट लागला होता. पहिल्याच दिवशी चार वाजता सुरेखानं पेन काढलं तेव्हा चिंधी म्हणाली, "माजी नको करू टिक. वळवलंस तरच कर."

"मावशे, मॅडम ओरडतील."

"ओरडू दे. मी पैसे भरलेत. जे नाय केलंस ते केलं म्हनू नको."

चौकोन रिकामे राहिले. तिसऱ्या दिवशी मॅडमनी चार्ट पाहिला, सुरेखाला ऑफिसात बोलावून झापलं, आणि नवा कागद आणून स्वतःच्या हातानं सगळे चौकोन भरून टाकले. सुरेखा डोळे पुसत परत आली आणि चिंधीला एकदा नीट वळवून गेली. पुढची वेळ संध्याकाळी आली.

मग विमलबाईंनी एक गोष्ट सुरू केली. त्यांच्या उजव्या हातात घड्याळ होतं. दर दोन तासांनी त्या स्वतःची बेल दाबायच्या आणि कुणी येईपर्यंत ओरडायच्या. "चार नंबर! दुसऱ्या खाटेला वळवा!" टेलिफोनवर आयुष्यभर बोललेला आवाज होता तो, गेटपर्यंत ऐकू जायचा. भेटायला आलेले लोक विचारायला लागले. सुरेखा धावत यायची, वळवायची, धावत जायची. एके दिवशी ती दोघींवर खेकसली, "मी काय यंत्र हाय का? दोन हात हायेत मला!" आणि तिथंच खाली बसून रडली. विमलबाई घाबरून गप्प झाल्या, पण दोन तासांनी त्यांनी पुन्हा बेल दाबली.

असे अठरा दिवस गेले. त्या अठरा दिवसांत चिंधीच्या पाठीला काही झालं नाही. पण विमलबाईंशी ती बोलली एकदाच. विमलबाई ओरडून दमल्या होत्या, तेव्हा ती म्हणाली, "पानी प्या. घसा बसंल."

एकोणिसाव्या दिवशी मॅडमनी विमलबाईंना वरच्या मजल्यावर हलवलं. "तुमची झोपमोड होते इथं, आजी," त्या म्हणाल्या. वॉचमन आणि सुरेखानं मिळून खाट उचलली; वरच्या एका आजोबांना त्या बदल्यात खाली दुसऱ्या खोलीत आणणार होते. विमलबाई दारातून जाताना चिंधीकडे बघत राहिल्या. चिंधीनंही पाहिलं, हात थोडा वर केला.

त्यानंतर चार नंबरमधून आवाज आला नाही. चिंधीला ओरडण्याएवढा श्वास नव्हता. बेल दाबली की तिच्या आधी दहा जण असत. मार्चमध्ये माकडहाडापाशी चामडी गेली, मग मांस. ताप यायला लागला. रोहिदास दर रविवारी यायचा, घरी चल म्हणायचा. ती आधी नको म्हणायची. शेवटच्या रविवारी ती काहीच म्हणाली नाही. त्यानं बुधवारी टेंपो आणायचं ठरवलं. मंगळवारी दुपारी, जेवणाची ताटं वाटली जात असताना, ती गेली. खोलीत कुणी नव्हतं.

अंघोळ सुरेखानं घातली. रोहिदास आला तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली. "पाठ नको बगू, रोहिदास."

त्यानं तिला बाजूला सारलं आणि पाहिलं. मग चादर पुन्हा नीट घातली. ऑफिसात जाऊन तो भांडेल असं सुरेखाला वाटलं, पण तो भांडला नाही. "उचलायला हात लाव," एवढंच म्हणाला.

टेंपोच्या हौद्यात चिंधीला ठेवलं. मॅडम पायरीवर उभ्या होत्या. सुरेखानं अंगावरचा ॲप्रन काढला आणि हौद्यात चढली.

"सुरेखा, कुठं चाललीस? खाली अकरा जण आहेत."

"धा," सुरेखा म्हणाली.

टेंपो वाडीच्या रस्त्याला लागला. वरच्या मजल्यावर विमलबाईंनी खाली काय चाललंय म्हणून प्रियाला विचारलं. प्रियानं सांगितलं. विमलबाईंनी समोरचं ताट एका हातानं दूर सारलं आणि भिंतीकडे कुशीवर वळायचा प्रयत्न केला, पण डावी बाजू हलत नव्हती. त्यांना तसंच प्रियाच्या समोर रडावं लागलं.

चौथ्या दिवशी सुरेखा कामावर परत आली. वाडीत दुसरं काम नव्हतं. तिचे तीन खाडे लावले होते. चार नंबरमध्ये शेलूच्या एक बाई आल्या होत्या, नव्या इमारतीत राहणाऱ्या, स्वतःच्या ठेवीवर पैसे भरणाऱ्या. त्यांनी सुरेखाला जवळ बोलावलं आणि विचारलं, "इथं नीट बघतात ना गं?"

सुरेखा चादर सरळ करत होती. ती म्हणाली, "मी एकटीच हाय, आजी."